विश्लेषण : फीडच्या सूचना गुपचूप बंद का पडतात? मुदत संपलेलं सबस्क्रिप्शन कसं ओळखायचं?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा एखादा टेलिग्राम गट डोळ्यासमोर आणा. चार-पाच मार्गदर्शकांच्या यूट्यूब चॅनेलवर नवा व्हिडीओ आला की त्याची लिंक गटात आपोआप पडते. गटातल्याच एका संगणक शिकणाऱ्या मुलानं ही सोय करून दिलेली असते. पहिले चार-पाच दिवस सगळं सुरळीत चालतं. त्यानंतर लिंक येणं थांबतं. कुणाला काही खटकत नाही, कारण सगळ्यांना वाटतं की सरांनी या आठवड्यात काही टाकलं नसेल. पंधरा दिवसांनी कुणीतरी सहज चॅनेल उघडतं, तेव्हा कळतं की मधल्या काळात सहा व्हिडीओ येऊन गेले.

अशा वेळी पहिला संशय सर्व्हरवर जातो. पण सर्व्हर चालू असतो. इंटरनेट चालू असतं. यूट्यूबनं काही बंद केलेलं नसतं आणि प्रोग्रॅममध्ये एका अक्षराचाही बदल झालेला नसतो. फक्त एक मुदत संपलेली असते, आणि ती संपल्याचं कुणीही कुणाला कळवलेलं नसतं.

बातम्यांची संकेतस्थळं, पॉडकास्ट, फीड रीडर, व्हिडीओंची माहिती देणारे बॉट अशा अनेक ठिकाणी हा प्रकार घडतो. ही मुदत ठेवतं कोण, का ठेवतं आणि ती संपली हे ओळखायचं कसं?

फीड म्हणजे काय आणि त्यात ‘पुश’ कुठून आलं?

फीड म्हणजे एखाद्या संकेतस्थळावरच्या ताज्या नोंदींची यंत्राला वाचता येईल अशी यादी. शीर्षक, लिंक, तारीख, थोडक्यात मजकूर अशी तिची रचना असते. आरएसएस हा तिचा सर्वांत परिचित प्रकार १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीतून बाहेर पडला. ‘अ‍ॅटम’ हा दुसरा प्रकार २००५ मध्ये प्रमाणित झाला. गुगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं, तेव्हा फीडचा जमाना संपला असं अनेकांनी लिहिलं. प्रत्यक्षात फीड नजरेआड गेली, एवढंच. आजही पॉडकास्ट फीडवरच चालतात. प्रत्येक यूट्यूब चॅनेलला स्वतःची फीड असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ पोर्टलवर हवामान आणि आपत्तीच्या इशाऱ्यांचीही फीड उपलब्ध आहे.

फीडची मूळ अडचण अशी की ती स्वतःहून काही सांगत नाही. नवीन काही आलंय का, हे आपल्याला पुन्हा पुन्हा जाऊन बघावं लागतं. दर पंधरा मिनिटांनी बघायचं ठरवलं तर दिवसाला ९६ फेऱ्या होतात, आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या जातात. हजारो वाचक-यंत्रं असं करू लागली की संकेतस्थळावर विनाकारण ताण येतो. तरीही बातमी पंधरा मिनिटं उशिरा पोहोचण्याची शक्यता राहतेच.

यावर २००९ मध्ये गुगलमधील ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन यांनी एक उपाय पुढे आणला. त्याचं नाव होतं ‘पबसबहबबब’. सारखं विचारायला जाऊ नका, नोंद करून ठेवा, नवीन काही आलं की आम्हीच कळवू, अशी त्यामागची कल्पना. पुढे याच पद्धतीला ‘वेबसब’ हे सुटसुटीत नाव मिळालं. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला.

वेबसब नेमकं कसं चालतं?

या व्यवस्थेत तीन घटक असतात. पहिला प्रकाशक, म्हणजे ज्याची फीड आहे तो. दुसरा सदस्य, म्हणजे ज्याला सूचना हवी आहे तो सर्व्हर. या दोघांच्या मध्ये उभा असतो तिसरा घटक, ‘हब’. गावच्या टपाल कार्यालयासारखं त्याचं काम असतं. प्रकाशक हबला एकदाच सांगतो की नवीन नोंद आली आहे. मग ज्यांनी नावं नोंदवली आहेत त्या सगळ्यांच्या पत्त्यावर हब ती पोहोचवतो.

नोंदणी तीन टप्प्यांत होते. सदस्य हबला विनंती पाठवतो : अमुक फीड हवी, तमुक पत्त्यावर पाठवा. या पत्त्याला ‘कॉलबॅक’ म्हणतात. हब विनंती स्वीकारतो, पण लगेच विश्वास ठेवत नाही. कुणी खोडसाळपणे तिसऱ्याच्याच पत्त्यावर सूचनांचा मारा सुरू करू नये, म्हणून तो त्या कॉलबॅकवर एक यादृच्छिक मजकूर पाठवतो. सदस्यानं तो जसाच्या तसा परत केला, तरच नोंदणी पक्की होते. बँकेचा ओटीपी आपण जसा परत टाइप करतो, तसाच हा व्यवहार आहे.

याच पडताळणीच्या निरोपात आणखी एक संख्या असते. ही नोंदणी किती सेकंद चालेल, हे ती सांगते. तांत्रिक भाषेत तिला ‘लीज’ म्हणतात. आपण तिला मुदत म्हणू. ८,६४,००० सेकंद म्हणजे १० दिवस आणि ४,३२,००० सेकंद म्हणजे ५ दिवस. यूट्यूबच्या फीडसाठी गुगलचा हब वापरला जातो, आणि सदस्यानं वेगळी मागणी केली नाही तर तिथे साधारण ५ दिवसांची मुदत मिळते. वर सांगितलेल्या अभ्यासगटाची सोय पहिल्याच आठवड्यात का बंद पडली, याचं उत्तर या आकड्यात आहे.

मुदत ठेवायचीच कशाला?

एकदा नोंदणी केली की ती कायम चालू का राहू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

त्याचं उत्तर निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना चटकन कळेल. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो दिला नाही तर निवृत्तिवेतन थांबतं. यात कुणावर संशय घेण्याचा हेतू नसतो. पण व्यक्ती हयात आहे की नाही, हे देणाऱ्याला दुसऱ्या कोणत्या मार्गानं खात्रीनं कळणार? हबची अडचणही अशीच आहे. इंटरनेटवर रोज असंख्य प्रयोग सुरू होतात आणि सोडून दिले जातात. कुणी महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी बॉट बनवतो, कुणाची कंपनी बंद पडते, कुणी सर्व्हर बदलतो. यातलं कुणीही जाताना ‘माझी नोंद काढून टाका’ असं सांगून जात नाही. नोंदणी कायमची असती, तर हब वर्षानुवर्षं निर्जन पत्त्यांवर निरोप टाकत बसला असता.

याहून गंभीर शक्यताही आहे. सोडून दिलेलं डोमेन पुढे दुसराच कुणी विकत घेऊ शकतो. जुनी नोंदणी जिवंत असेल, तर निरोप त्या अनोळखी माणसाच्या दारात पडू लागतील.

म्हणूनच वेबसबच्या मानकात दोन गोष्टी सक्तीच्या आहेत. हबनं मुदत पाळलीच पाहिजे, आणि कायमस्वरूपी मुदत देताच कामा नये. सदस्य आपल्याला हवी ती मुदत मागू शकतो, मात्र ती मान्य करायची की स्वतःच्या धोरणाप्रमाणे वेगळी द्यायची, हे हब ठरवतो.

नूतनीकरणाची जबाबदारी कुणाची?

खरी मेख इथे आहे. पबसबहबबबच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ही जबाबदारी हबवर होती. मुदत संपण्यापूर्वी हबनं स्वतः सदस्याचं दार वाजवून ‘अजून हवं आहे ना?’ असं विचारणं अपेक्षित होतं. नंतरच्या आवृत्तीत आणि पुढे वेबसबमध्ये हा भार सदस्यावर टाकण्यात आला. मुदत संपण्याआधी पुन्हा विनंती पाठवा, नाहीतर नोंदणी आपोआप रद्द होईल.

हबच्या दृष्टीनं हा बदल सोयीचा होता. ज्याला गरज आहे त्यानं आठवण ठेवावी, हे तत्त्वही चुकीचं म्हणता येत नाही. पण त्याचा एक परिणाम फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. जुनं मार्गदर्शन वाचून, किंवा पहिल्या दिवशी सूचना आली म्हणजे काम झालं असं समजून लिहिलेले अनेक प्रोग्रॅम नूतनीकरण करतच नाहीत. ते पहिल्या मुदतीपुरते उत्तम चालतात आणि मग थांबतात. चाचणी घेताना हा दोष सापडत नाही, कारण चाचणी दहा मिनिटांत उरकते आणि मुदत काही दिवसांची असते.

मुदत संपल्यावर काय होतं?

काहीच होत नाही, आणि हीच अडचण आहे.

घरभाड्याचा ११ महिन्यांचा करार संपत आला की घरमालक किंवा एजंट फोन करतो. मासिकाची वर्गणी संपत आली की शेवटच्या अंकात चिठ्ठी येते. वेबसबमध्ये मुदत संपल्याचा निरोप देण्याची तरतूद नाही. हबनं नोंदणी नाकारली तर तसं कळवण्याची सोय मानकात आहे, पण निव्वळ मुदत संपली तर हब त्या पत्त्यावर पाठवणं थांबवतो, एवढंच. सदस्याच्या सर्व्हरवर त्रुटीची नोंद होत नाही, कारण तिथे काही घडलेलंच नसतं. प्रकाशकाला पत्ता नसतो, कारण त्याचं काम हबला कळवण्यापुरतं असतं.

त्यामुळे सदस्याला दोन परिस्थिती अगदी सारख्या दिसतात : ‘नवीन काही आलेलं नाही’ आणि ‘नवीन आलं, पण माझ्यापर्यंत पोहोचलं नाही’. व्हिडीओच्या बाबतीत ही चूक फार तर गैरसोय ठरते. पण पुराचा किंवा विजांचा इशारा देणारी एखादी फीड कुणी स्थानिक पातळीवर पुढे पाठवण्यासाठी घेतली असेल आणि ती अशाच मुदतीच्या नोंदणीवर अवलंबून असेल, तर शांततेचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावला जाऊ शकतो. ज्या यंत्रणेत काही न येणं हेच नेहमीचं असतं, तिथे बिघाड सर्वांत उशिरा लक्षात येतो.

बिघाड कसा शोधायचा?

सूचना थांबल्या की प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह होतो. अनेकदा त्यानं काम होतंही, कारण सुरू होताना प्रोग्रॅम नव्यानं नोंदणी करतो. पण त्यामुळे मूळ कारण झाकलं जातं आणि पुढच्या मुदतीला तीच कथा घडते. त्याऐवजी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणं चांगलं.

पहिली पायरी : फीड थेट ब्राउझरमध्ये उघडा. तिच्यात नवीन नोंदी दिसत नसतील तर अडचण प्रकाशकाकडे आहे आणि तुमच्या नोंदणीचा काही संबंध नाही. फीडचा पत्ता बदलला आहे का, हेही इथेच कळतं.

दुसरी पायरी : हबकडे तुमच्या नोंदणीची स्थिती काय आहे ते पाहा. गुगलच्या हबवर यासाठी स्वतंत्र पान आहे. फीडचा पत्ता आणि कॉलबॅक टाकला की नोंदणी पक्की आहे, अपुरी आहे की मुदतबाह्य आहे ते दिसतं. शेवटची यशस्वी पडताळणी कधी झाली, मुदत कधी संपते, पडताळणीत किंवा निरोप पोहोचवण्यात शेवटची अडचण काय आली, हेही तिथे असतं. अर्ध्याहून अधिक गोंधळ या एका पानावर मिटू शकतो.

तिसरी पायरी : नूतनीकरणाची विनंती खरंच जाते आहे का ते तपासा. ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम, ज्याला संगणकवाले ‘क्रॉन’ म्हणतात, सर्व्हर बदलताना नव्या जागी लावायचं राहून जातं. जुना सर्व्हर बंद होईपर्यंत तोच नूतनीकरण करत असतो, त्यामुळे राहून गेलेलं काम महिनाभर कुणाच्या ध्यानात येत नाही.

चौथी पायरी : मुदतीचा हिशेब कुठल्या आकड्यावर केला आहे ते बघा. तुम्ही १० दिवस मागितले आणि हबनं ५ दिले, पण प्रोग्रॅम मात्र ९व्या दिवशी नूतनीकरण करतो, अशी चूक सर्रास होते. मागितलेली मुदत विसरा. पडताळणीच्या निरोपात हबनं लिहून पाठवलेली मुदतच खरी, आणि तीच साठवून ठेवायला हवी.

नूतनीकरण केलं, तरी सूचना येत नाहीत, असं का?

इथे चार कारणं वारंवार आढळतात.

पहिलं, विनंती स्वीकारली जाणं म्हणजेच नोंदणी झाली असा समज. हब ‘२०२’ हा सांकेतिक प्रतिसाद देतो. त्याचा अर्थ ‘अर्ज मिळाला’ इतकाच आहे, अर्ज मंजूर झाला असा नाही. मंजुरी पडताळणीनंतर मिळते. प्रोग्रॅम ‘२०२’ बघून समाधान मानतो आणि पुढची पडताळणी फसलेली असते.

दुसरं, दारावरचा पहारेकरी. सुरुवातीला उघडा असलेला कॉलबॅक नंतर कुणीतरी सुरक्षेसाठी फायरवॉलमागे, लॉगिनमागे किंवा ‘तुम्ही यंत्र आहात का?’ असं विचारणाऱ्या चाळणीमागे नेतो. हब हे यंत्रच असल्यामुळे ते त्या चाळणीत अडकतं. काही वेळा पडताळणीचा मजकूर जसाच्या तसा परत करण्याऐवजी सर्व्हर त्याभोवती वेब पानाची सजावट गुंडाळतो, आणि ओटीपी चुकल्यासारखी पडताळणी बाद होते. सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, तरीही हब दारातूनच परत जाऊ शकतो.

तिसरं, पत्त्यातला बारीकसा फरक. फीडनं स्वतःचा जो अधिकृत पत्ता जाहीर केलेला असतो, नोंदणी त्याच पत्त्यासाठी करावी लागते. संकेतस्थळ साध्या जोडणीवरून सुरक्षित जोडणीवर गेलं, पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ वाढली, की हबच्या लेखी ती वेगळीच फीड होते. नोंदणी पक्की दिसते, पण त्या पत्त्याबद्दल कुणी काही कळवतच नाही.

चौथं कारण शोधायला सर्वांत अवघड आहे : गुप्त खूण जुळत नाही. निरोप खरंच हबकडून आला आहे याची खात्री पटावी, म्हणून नोंदणी करताना एक गुप्त शब्द देता येतो. हब प्रत्येक निरोपावर त्यावरून तयार केलेली सही करतो. नूतनीकरण करताना हा शब्द बदलला आणि प्रोग्रॅम अजून जुन्याच शब्दानं सही तपासत असेल, तर तो आलेला प्रत्येक निरोप खोटा समजून टाकून देतो. त्याच वेळी तो हबला ‘मिळाला’ अशी पोच देत असेल, तर हबच्या नोंदीत सगळं यशस्वी दिसतं आणि सदस्याच्या पडद्यावर काहीच दिसत नाही.

सुटलेल्या नोंदींचं काय?

नोंदणी पुन्हा सुरू झाली म्हणजे मधल्या काळातले निरोप मागाहून येतील, ही अपेक्षा चुकीची आहे. नोंदणी नसताना जे घडलं, ते हबच्या दृष्टीनं तुमचं नव्हतंच. ती भर स्वतः फीड उघडून काढावी लागते.

त्यालाही मर्यादा आहे. फीडमध्ये फक्त ताज्या नोंदी असतात. यूट्यूबच्या चॅनेल फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडीओ दिसतात. रोज दोन व्हिडीओ टाकणाऱ्या चॅनेलची नोंदणी दहा दिवस बंद राहिली, तर २० पैकी ५ व्हिडीओ फीडमधूनही निघून गेलेले असतात. बिघाड किती लवकर लक्षात येतो, त्यावर काय वाचेल हे ठरतं.

म्हणून अनुभवी मंडळी तीन पथ्यं पाळतात. एक, मुदतीच्या शेवटच्या तासाची वाट न पाहता अर्धी मुदत उलटली की नूतनीकरण करायचं. म्हणजे एखादा प्रयत्न फसला तरी हातात वेळ राहतो. नूतनीकरण लवकर केल्यानं काही बिघडत नाही : नवी विनंती पडताळली गेली की जुन्या नोंदणीची जागा घेते, आणि पडताळणी फसली तर आधीची नोंदणी आहे तशीच राहते. दोन, शेकडो फीड असतील तर सगळ्यांचं नूतनीकरण एकाच मिनिटाला न करता दिवसभरात विखरायचं. तीन, सूचनांवर भिस्त असली तरी दिवसातून एक-दोनदा स्वतः फीड तपासायची. फीडमध्ये आहे पण सूचनेनं आलं नाही, असं काही सापडलं की त्याच क्षणी धोक्याची घंटा वाजली पाहिजे. ‘पुश’ आल्यावर ‘पुल’ची गरज संपली असं वाटत होतं. प्रत्यक्षात तपासनीस म्हणून ती उरलीच.

इतर सेवांनी काय मार्ग काढला?

मुदतीची अट एकट्या वेबसबची नाही. जीमेलमध्ये नवीन मेल आल्याची सूचना हवी असलेल्या प्रोग्रॅमना दर ७ दिवसांच्या आत नूतनीकरण करावं लागतं, आणि ते रोज करावं अशी गुगलचीच शिफारस आहे.

थेट प्रक्षेपणाच्या ‘ट्विच’ या सेवेनं आधी वेबसबवर आधारलेली आणि जास्तीत जास्त १० दिवसांची मुदत देणारी पद्धत वापरली. पुढे ‘इव्हेंटसब’ ही नवी पद्धत आणताना त्यांनी मुदतच काढून टाकली. तिथे नोंदणी चालू राहते, पण कॉलबॅक वारंवार प्रतिसाद देईनासा झाला किंवा वापरकर्त्यानं परवानगी काढून घेतली, तर ती रद्द होते आणि रद्द झाल्याचा निरोप पाठवला जातो. मॅस्टोडॉन हे समाजमाध्यमही आधी पबसबहबबबवर चालत असे. २०१७ पासून ते ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’कडे वळलं, आणि तिथे एखाद्याला ‘फॉलो’ केलं की ठरावीक दिवसांनी ते पुन्हा करावं लागत नाही.

दोन्ही बाजूंना किंमत आहे. मुदत ठेवली तर निष्काळजी पण जिवंत सदस्य गळतात. मुदत काढली तर मेलेल्या पत्त्यांचा हिशेब सेवा देणाऱ्याला ठेवावा लागतो. मोठ्या कंपनीला तो परवडतो. कुणीही चालवू शकेल अशा खुल्या हबला तो झेपेलच असं नाही. वेबसबनं मुदत निवडली यात चूक नाही. ‘संपली’ हा एक शब्द कळवण्याची सोय मात्र त्यात राहून गेली.

मग मोबाइलवरच्या घंटीचं काय?

यूट्यूबवर आपण जी घंटी दाबतो, किंवा एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळाला ब्राउझरमध्ये ‘अलाऊ’ म्हणतो, ती वाट वेगळी आहे. तिथे हबच्या जागी ब्राउझर किंवा फोनच्या कंपनीची सेवा असते. पण तिथलंही सबस्क्रिप्शन अमर नसतं. ब्राउझरचा डेटा पुसला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, परवानगी मागे घेतली की जुना पत्ता बाद होतो. संकेतस्थळाला त्यावर ‘४१०’, म्हणजे ‘इथे आता कुणी राहत नाही’, असं उत्तर मिळतं. ज्या संकेतस्थळांकडे वापरकर्ता बरेच दिवस फिरकलेला नाही, त्यांची सूचना पाठवण्याची परवानगी आपोआप काढून घेण्याची सोय क्रोमनं २०२५ मध्ये जाहीर केली. नको असलेल्या सूचनांचा भडिमार कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू. क्वचितच येणारी पण महत्त्वाची सूचना कुणाला हवी असेल, तर त्यांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अधूनमधून डोकावणं बरं.

हा प्रकार वाढणार आहे का?

चिन्हं तशीच आहेत. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांचं उदाहरण घ्या. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या मंचानं एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्यानं घटवण्याचा निर्णय घेतला. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० दिवस आणि २०२९ पासून अवघे ४७ दिवस. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेनं तर मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणंही जून २०२५ मध्ये बंद केलं. नूतनीकरण यंत्रानंच करायचं आहे, मग माणसाला आठवण कशाला, असा हा विचार.

फीडच्या सूचनांशी याचा थेट संबंध आहे. कॉलबॅकचं प्रमाणपत्र संपलं तर पडताळणी अडू शकते आणि पडताळणी अडली तर नोंदणी संपते. एका मुदतीच्या मागे दुसरी मुदत अशी ही साखळी आहे, आणि तिची प्रत्येक कडी आता अधिक वेळा तपासावी लागणार आहे. मोठ्या संस्थांकडे त्यासाठी माणसं असतात. गावपातळीवरचं बातमीपत्र, एखाद्या शाळेचा बॉट, हौसेनं चालवलेला पॉडकास्ट यांच्याकडे ती नसतात, आणि म्हणून फटका आधी त्यांनाच बसतो.

सामान्य वाचकांनी काय करावं?

तुम्ही प्रोग्रॅम लिहीत नसाल, तरी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. तुमच्या फीड रीडरमध्ये किंवा गटात एखाद्या नेहमीच्या ठिकाणाहून बरेच दिवस काही आलं नसेल, तर मूळ जागी जाऊन एकदा बघा. तिथे नवीन काही दिसलं, तर ती फीड काढून पुन्हा जोडा किंवा गट चालवणाऱ्याला सांगा. ‘सूचना बंद आहेत’ एवढ्या तक्रारीऐवजी ‘अमुक तारखेपासून येत नाहीत’ असं सांगितलंत तर त्याचं काम सोपं होईल. ती तारीख आणि मुदत संपल्याची तारीख जुळली, तर निदान तिथेच झालं.

आणि अशी सोय तुम्ही इतरांसाठी चालवत असाल, तर तिला महिन्यातून एकदा नव्हे, रोज एक प्रश्न विचारायला लावा : शेवटची सूचना येऊन किती दिवस झाले? नेहमीपेक्षा जास्त झाले असतील, तर तिनं तुम्हाला उठवलं पाहिजे. मुदत संपल्याचं हब सांगणार नाही. ते तुमच्याच यंत्रणेनं सांगावं, अशी व्यवस्था आधी करून ठेवावी लागते.